गुरुजींना दिलेल्या तारखा

सावेडीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी आणि माझा एक सहकारी ॲप बनवत होतो. दिसत नसलेल्या माणसानं मोबाईल कागदासमोर धरला, की त्यावरचा छापील मराठी मजकूर ते मोठ्यानं वाचायचं. वापरणारे थोडेच होते. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता आणि नव्या अपडेटची बातमी तिथं द्यायचं काम माझं.

एका हिवाळ्यात मी लिहून टाकलं, की पुढच्या अपडेटमध्ये हस्ताक्षरही वाचता येईल, महिनाअखेरीस देऊ. सहकारी वैतागला. अजून ‘घ’ आणि ‘ध’ त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, तारीख कशाला दिलीस, म्हणाला. मला वाटलं, लोकांना बरं वाटेल.

दुसऱ्याच दिवशी पुणतांब्याकडच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. शुगरनं त्यांचे डोळे गेले होते. त्यानंतर दोन वर्षांनी बायको गेली. शेवटच्या आजारपणात ती त्यांच्या शेजारी बसून वहीत काहीतरी लिहायची. त्यांना पेनाचा आवाज ऐकू यायचा. काय लिहितेस विचारलं, तर नंतर सांगीन म्हणायची. ते राहूनच गेलं. मुलगी वाचून दाखवायला तयार होती, पण गुरुजींना ते नको होतं.

“त्यात काय असंल, मला ठाऊक न्हाई,” ते म्हणाले. “पोरीनं वाचावं असं नसलं तर? मशीनला त्याचं काय. तुमचं अपडेट आलं की मी एकटा ऐकीन.”

महिना संपला, अपडेट झालं नाही. ग्रुपवर मी लिहिलं, थोडा उशीर होतोय, लवकरच येत आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच लिहिलं. गुरुजी दर वेळी फोन करायचे. तक्रार कधीच केली नाही. नवी तारीख विचारून घ्यायचे आणि फोन बाजूला धरून ती कुणाला तरी सांगायचे. घरात कोण आहे, असं मी एकदा विचारलं.

“कुणी न्हाई. तिला सांगितलं,” ते म्हणाले.

त्यानंतर त्यांचा फोन आला की मी तो उचलायच्या आधी दोन-तीन रिंग वाजू द्यायचे.

उन्हाळ्यात अपडेट अर्धवट चालायला लागलं. दहातले पाच-सहा शब्द बरोबर यायचे. सहकारी म्हणाला, गुरुजींना आहे तसं देऊन टाकू. मी नको म्हटलं. बायकोचे शब्द चुकीचे वाचले तर त्यांना वाईट वाटेल, असं कारण दिलं. खरं म्हणजे आपलं नाव खराब होईल, याची भीती जास्त होती.

पावसाळा संपता संपता काम पूर्ण झालं. ग्रुपवर टाकायच्या आधी मी गुरुजींना फोन लावला. मुलीनं उचलला.

“ताई, अण्णा गेले. तीन आठवडे झाले.”

वहीचं विचारायला नको होतं, तरी विचारलं.

“दफन करताना पेटीत ठेवली त्यांच्याबरोबर. तसंच सांगून ठेवलं हुतं त्यांनी. कुणीच उघडली न्हाई.” मग तिनं विचारलं, “आलं का तुमचं अपडेट?”

आलं, म्हटलं.

बाकीच्यांना उपयोग होईल, असं म्हणून तिनं फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

ग्रुपवर बातमी टाकली, आभारांचे मेसेज आले. सहकारी उन्हाळ्यातल्या त्या बोलण्याबद्दल एक शब्दही बोलला नाही, आजवर नाही. आता मी तारीख देत नाही. अर्धं झालेलं अर्धंच देते आणि कुठं चुकतंय ते स्पष्ट लिहिते.

मध्यंतरी काष्टीच्या एका बाईंनी असंच एक कच्चं अपडेट घेतलं आणि भावाची जुनी पत्रं ऐकली. निम्मे शब्द चुकले, पण त्याची बोलायची तऱ्हा माहीत असल्यानं बाकीचं त्यांना आपोआप कळत गेलं. फोनवर त्या हे हसत हसत सांगत होत्या. मी ऐकत होते आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं, की गुरुजींनाही कळलं असतं.

सहकाऱ्याला मी त्या बाईंचा फोन आला होता, एवढंच सांगितलं.