जेऊरची घोंगडी

मुलगा नको म्हणत असतानाही सोलापुरात एकटीनं खोली घेतली. काल तिथं घोंगडी पसरली आणि लोकरीचा, चिंचोक्याच्या खळीचा तो उग्र वास खोलीभर झाला.

तीस वर्षांपूर्वी कॉलेजसाठी याच शहरात यायला निघाले, तेव्हा जेऊर स्टेशनात आबांनी खिडकीतून अशीच घोंगडी आत दिली होती. आमच्याच मेंढरांची लोकर. पुढच्या स्टेशनात चढून समोर बसलेल्या बाईंनी नाकाला पदर लावला.

"कुणाची गं ही? मेंढरांचा डबा हाय व्हय हा?"

सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "माझी नाही." सोलापूर आलं तेव्हा ती बाकाखाली तशीच सोडून उतरले.

दिवाळीत आबांनी विचारलं, "ऊब हाय का गं घोंगडीला?"

"लई हाय, आबा."

आबा गेले, तरी खरं काय ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

या खेपेला जेऊरहून नवी घेतली आणि मांडीवर ठेवून आले. शेजारच्या माणसानं तोंड वाकडं केलं, तशी त्याच्याकडे आणखी थोडी सरकवली.

आज घरमालकीणबाई म्हणाल्या, "गच्चीवर उन्हात टाका की, वास जाईल."

म्हटलं, "मला तो घालवायचा नाही."