दिवा नसलेला हेडफोन

कालव्याकाठचा रस्ता निम्मा संपला तरी धाकटी तोंड उघडेना. धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिचं बिनसलं की ती भांडत नाही, चालत सुटते, आणि गुडघे कुरकुरत असले तरी तिच्यामागे पळायचं काम माझ्याकडे येतं.

"नोकरी गेली बहुतेक, ताई," शेवटी ती म्हणाली.

"बहुतेक ना? मग जरा हळू चाल."

ती पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घेते, घरात बसूनच. ज्याचा नळ कोरडा आहे तो माणूस सकाळी सकाळी काय भाषेत बोलत असेल, ते सांगायला नको. ही त्याला आधी विचारते, "दादा, पिण्यापुरतं आहे ना घरात?" निम्मा राग तिथेच उतरतो. पाणी आलं की ते कळवायलाही काहीजण हिलाच फोन करतात.

तिचा जुना बिनतारी हेडफोन पार जीर्ण झाला होता. कानाच्या गाद्यांचा काळा भुगा गालांना लागायचा, म्हणून मी त्यांना जुन्या साडीच्या खोळी शिवून दिल्या होत्या. पण एक होतं. फोन सुरू झाला की उजव्या कानावर निळा दिवा लागायचा, आणि आमचं सगळं घर त्या दिव्यावर चालायचं. दिवा लागला की मिक्सर बंद, नळ बारीक, सासऱ्यांचा खोकला उशीत. सासूबाई देवाचं नावसुद्धा ओठातल्या ओठात घ्यायच्या.

तरी त्या हेडफोनमधून पलीकडे सगळं पोचायचंच. "तुमच्याकडची भांडी ऐकू येतात," असं ऑफिसने दोनदा सुनावलं होतं. अधूनमधून तिथल्या मॅडम ग्राहक बनून फोन करतात आणि काम तपासतात. पुढच्या तपासणीत घरचा आवाज आला तर काम थांबेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून काल दिराने नवीन हेडफोन आणला. दिसायला देखणा, पण अंगावर दिवा म्हणून नाही. हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आज सकाळी धाकटी फोनवर होती, पण कानावर नुसतं काळंभोर, दिवा नाही. सासूबाईंना वाटलं, पोरगी मोकळी आहे. त्या थेट तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "फ्रीजमधली भाजी कुणी संपवली गं? रिकामं भांडं झाकण लावून ठेवलंय, शोभेला."

धाकटीने हात वर केला.

"हात काय दाखवतेस? तू खाल्लीस का?"

तेवढ्यात न्हाणीघरातून सासरे गरजले, "मी खाल्ली. द्या आता फाशी."

फोन संपताना पलीकडच्या बाईंनी ओळख दिली. त्या तपासणीच्या मॅडम निघाल्या. धाकटीने उरलेले फोन घेतले, काम संपवलं, हेडफोन काढला, चपला घातल्या आणि निघाली.

पंपघराजवळ आलो आणि तिचा मोबाइल वाजला. ऑफिसच. ती नुसती बघत राहिली.

"उचल," मी म्हटलं. "देव आहे, आपण आहोत. आणखी काय होणार?"

फोन कानाला लावताच ती ताठ झाली. "हो मॅडम... नाही मॅडम, घर तेच आहे... मी? चालेल की मॅडम." मग ती कठड्यावर बसली.

"काय झालं?"

"विचारत होत्या, घर बदललंत का. एवढी शांतता कशी काय. माझा आजचा फोन नव्या मुलींना नमुना म्हणून ऐकवणार आहेत. आणि पुढच्या महिन्यापासून त्यांना मीच शिकवायचंय."

मॅडमनी तो फोन रेकॉर्ड करून पाठवलाही होता. मोबाइल दोघींच्या मधे धरून, गालाला गाल लावून आम्ही ऐकला. "बाई, पिण्यापुरतं आहे ना घरात?" धाकटीचा आवाज, स्वच्छ. भाजीची जागा आली. तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. ना भाजी, ना फाशी. नुसता तिचा श्वास.

धाकटी हसायला लागली ती थांबेचना. सायकलवरचा एक माणूस वळून वळून बघत गेला.

"आईंना अडवणारं काहीतरी निघालं ताई या जगात."

"गप, पाप लागेल," मी म्हटलं, पण हसू मलाही आवरत नव्हतं. मनातल्या मनात मी हात जोडले. देव हेडफोनमधूनही धावून येतो, याबद्दल मला शंका नाही.

परत येताना ती हात हलवत, अख्खा रस्ता आपलाच असल्यासारखी चालली. नव्या मुलींना काय काय शिकवायचं, चिडलेल्या माणसाला आधी बोलू कसं द्यायचं, सगळं मला शिकवून झालं. घराच्या वळणावर मात्र तिने माझा दंड धरला.

"ताई, आईंना आधी सांगा, त्या घाबरून देवापुढे बसल्या असतील. नोकरी राहिली, बढतीही मिळाली, सगळं सांगा. मी आता कामाला बसले की दाराला रुमाल अडकवत जाईन, तेही सांगा. फक्त या हेडफोनमधून पलीकडे घरातलं काही जात नाही, एवढं कुणाला कळू देऊ नका. कामाच्या वेळेला आपलं घर जे गप्प होतं ना, ते मला फार आवडतं."