चौथ्या मजल्यावरचं पाणी

घाटकोपरच्या त्या जुन्या इमारतीतली घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी बाई जिन्यावरून पडून मेली होती. शेजारी पाण्याची बादली उपडी पडलेली. मी तेव्हा त्या ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. पंचनामा झाला, अपघाती मृत्यूची नोंद झाली. तिला मूलबाळ नव्हतं. अंत्यविधी शेजाऱ्यांनीच केला. रडलेही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणारी तरुण बाई होती. "घरात नळ असताना ती खालून पाणी का आणत होती, ते विचारा," एवढंच सांगून तिने फोन ठेवला.

हवालदाराला घेऊन मी गेलो. म्हातारीचा नळ कोरडा, समोरच्या घरात मात्र पाणी. गच्चीवर पाहिलं तर टाकीपाशी फक्त तिच्याच पाइपचा व्हॉल्व्ह बंद केलेला.

सोसायटीच्या सेक्रेटरीला ठाण्यात बोलावलं. बँकेतून निवृत्त झालेला, गणपतीत पुढे असणारा माणूस. "दुरुस्ती चालू होती, साहेब," तो म्हणाला. कमिटीतल्या बाकीच्यांनीही हेच सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. खरं बोलणारी माणसं सहसा थोडं वेगवेगळं सांगतात.

मग मी समोरच्या घरातल्या बाईंकडे गेलो. काही विचारायच्या आतच त्या बोलायला लागल्या.

"इमारत पाडून नवी बांधायची होती. सगळ्यांनी सह्या केल्या, ती करेना. म्हणायची, भाड्याच्या घरात गेले तर परत यायला मी उरेन का? मग मीटिंगमध्ये ठरलं, तिचं पाणी बंद करायचं. वाटलं, ऐकेल."

"तुम्ही एक बादली तरी द्यायचीत."

"कोणी द्यायचं नाही, असं ठरलं होतं ना. मी नोकरीला जायचे तेव्हा माझी मुलगी तिनेच सांभाळली हो. ती धापा टाकत जिना चढायची, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचे."

आतल्या दारात त्यांची मुलगी उभी होती. अंत्यविधीसाठी सासरहून आलेली. "साहेब, फोन मी केला होता," ती म्हणाली. "मावशीच्या घरी हात धुवायला गेले, तर नळाला पाणीच नव्हतं." आईने मान वर केली नाही.

गुन्हा दाखल केला. नोकरीत मी गुंड पुष्कळ पाहिले. आपण वाईट करतोय हे त्यांना ठाऊक असायचं. ही सगळी कष्टाने वर आलेली, सभ्य माणसं. दहा जणांनी मिळून केलं, तर पाप कोणा एकाचं राहत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती.

सेक्रेटरीला अटक करून जीपमध्ये बसवलं, तेव्हा सगळी इमारत खाली जमली. त्यातला एकजण जवळ आला. मला वाटलं, म्हातारीबद्दल काही बोलेल.

"साहेब, आता बांधकाम थांबेल का हो?" त्याने हळूच विचारलं.

चेहरा अगदी साधा होता, काळजीत पडलेल्या संसारी माणसाचा. अधःपतन म्हणजे काय, असा विषय कुठे निघाला की मला तोच चेहरा दिसतो.