काकांचं नाव दगडावर कोरलं तेव्हा

माझे थोरले काका हवाई दलात होते. बॉम्बफेकी विमानात वैमानिकाला वाट दाखवायचं काम त्यांचं. पासष्टच्या लढाईत त्यांचं विमान गेलं ते परत आलंच नाही. घरी आलेल्या तारेत 'बेपत्ता' असं लिहिलं होतं. काकी तेव्हा वीस वर्षांची होती. लग्नाला आठ महिने झाले होते.

पुढे सरकारने ते मृत झाल्याचं कळवलं, तरी काकीने कुंकू पुसलं नाही. सर्वपित्रीला आमच्या मिठबावच्या घरी सगळ्यांची पानं वाढली जात, काकांचं नाही. एकदा आई वाढायला गेली, तर काकी म्हणाली, "जित्या माणसाचा पान मांडतंस?" पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी माझे वडील वारले. सातबाऱ्याचे उतारे शोधताना त्यांच्या कपाटात एक जुनं पत्र सापडलं. काकांच्याच तुकडीतल्या एका वैमानिकाने लढाईनंतर लिहिलेलं. मागच्या विमानातून त्याने काकांचं विमान पेटून कोसळताना पाहिलं होतं. एकही हवाई छत्री उघडली नव्हती. वडिलांनी जन्मभर ते काकीपासून लपवलं. मला त्यांचा फार राग आला, आणि मग महिनाभर मीही तेच केलं.

त्यातच शाळेचे मुख्याध्यापक आले. काका त्याच शाळेत शिकलेले. आवारात त्यांच्या नावाचा दगड बसवायचा होता.

"मृत्यूची तारीख काय घालायची?" त्यांनी विचारलं.

काकीने त्यांच्यापुढचा रिकामा कप उचलला. ते गेल्यावर मी पत्र आणलं. इंग्रजीत होतं. एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"इमानात त्यांच्या वांगडा कोण होतो?"

"वैमानिक. तोही गेलो."

"त्याच्या बायलेक कोणी सांगल्यान काय रे?"

"माका म्हायत नाय, काकी."

मग तिने विचारलं, "तुझ्या बापाशीक म्हायत होता?"

मी मान डोलावली.

"एकटोच घेवन रवलो," ती म्हणाली आणि आत गेली. दोन दिवस ती धड जेवली नाही.

समारंभाला ती कुंकू न लावता आली. मला तिच्या कपाळाकडे बघवेना. मुलांनी गाणं म्हटलं, भाषणं झाली. पडदा ओढायला ती तयार होईना, म्हणून मीच ओढला. सगळे चहाकडे वळल्यावर ती दगडापाशी गेली. अक्षरांवरून बोट फिरवत तिने काकांचं नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी ते तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

खालची, पत्रातली मृत्यूची तारीख मात्र तिच्याने वाचवली नाही. मी तिचा हात धरला आणि तिला रिक्षेत बसवलं.