मास्तरांचा तेरावा आवाज

अबायांग बेटावर, आमच्या गावात, इओतेबा मास्तरांनी ज्याचा कान पिळला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. माझाही पिळलाय. आमच्या भाषेला अक्षरं मोजून तेरा. लिहायचं ‘ति’ आणि म्हणायचं ‘सि’, एवढाच काय तो वाकडेपणा. पण त्या तेरांसाठी मास्तर पोरांचा जीव काढायचे.

मागच्या वर्षी नीरा काढायला निघाले आणि माडाच्या बुंध्याशीच कोसळले. उजवा हात गेला, वाचा गेली. आम्हाला बोलायला शिकवणारा माणूस घरापुढच्या बसक्या मचाणावर बसून नुसता हुंकारायला लागला. मला बघवायचं नाही. भाजलेला निरफणस पुढ्यात ठेवायची आणि पळून यायची.

पळाली नाही ती तेरेसिया. नऊ वर्षांची नात. आई बाळंतपणात गेलेली, बाप परदेशी जहाजावर, आजोबांनीच वाढवलेली. शाळेतून आली की ती मचाणापुढच्या वाळूत एकेक अक्षर काढायची आणि आजोबांचीच छडी हातात घेऊन बसायची.

“मास्तर, तोंड उघडा! गळाला लागलेल्या माशासारखं काय करताय?”

मास्तर हसायचे, लाळ गळायची. ती फ्रॉकने पुसायची. आधी ‘आ’ आला, मग ‘म’, कितीतरी दिवसांनी ‘र’. असे बारा आले. अडला तो नाकातून निघणारा ‘ङ’.

“घशातून नाही हो आजोबा, नाकातून! अबायाङ! आपल्या बेटाचं नावसुद्धा म्हणता येईना तुम्हाला?”

अशात मास्तरांचा धाकटा भाऊ बाउरो ऑकलंडहून आला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो चटईवर मास्तरांसमोर मांडी घालून बसला. निरफणस द्यायला आलेली मी तिथेच होते.

“दादा, एक मागायचंय. तेरेसिया मला दे. आमच्या घरात मूल नाही. तिकडे नेतो, शिकवतो.”

आमच्याकडे याला बुबुसी म्हणतात. नात्यातल्या माणसाने असं समोर बसून मागितलं की नाही म्हणायचं नसतं. म्हटलं, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. पण मास्तरांना पळवाट होती. वाचा गेलेला माणूस गप्प बसला तर त्याला कोण बोल लावणार? मी मनातल्या मनात ओरडत होते, गप्प बसा मास्तर, जन्मात एकदा तरी गप्प बसा.

बाउरोनेच मान खाली घातली. “राहू दे दादा. तुला बोलता येत नाही, ठाऊक आहे मला.”

हे त्याने म्हणायला नको होतं. मास्तरांनी डावा हात चटईवर टेकला आणि ताठ बसले. कपाळाची शीर तटतटली.

“एङ,” ते म्हणाले.

‘हो’ म्हणायला आमच्या भाषेत एवढंच लागतं. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की रडूच फुटलं.

तेरेसिया मागे चुलीपाशी मासे साफ करत होती. बाउरोचं बोलणं तिथवर गेलं नव्हतं, आजोबांचा आवाज तेवढा गेला. हाताला खवले तशीच ती धावत आली.

“आला! आजोबा, ङ आला!” ती टाळ्या वाजवत नाचायला लागली. “पुन्हा म्हणा! सगळ्यांसमोर म्हणा!”

बाउरो चटईकडे बघत राहिला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

“पुन्हा म्हणा ना,” ती म्हणत होती.