पाठीवरचे दोन केस

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला मीही नवाच लागलो होतो. मोताळ्याजवळ एका शेताच्या बांधावर करंजाचं झाड होतं. देवी आल्यासारख्या गाठी त्याच्या पानांवर उठलेल्या. त्या गाठींत पानाचा रस पिणारे कोळी राहत. जाळं विणणारे नव्हेत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, लांबुळके, चारच पायांचे.

त्यातले चार मी आम्लात उकळून पारदर्शक केले आणि काचपट्टीवर बसवले. अशा कोळ्यांच्या पाठीवर बहुधा दोन केस असतात. माझ्या चौघांना एकही नव्हता. तेवढ्या बळावर मी नुसती नवी जात नव्हे, तिच्या वरची पायरी, म्हणजे अख्खी नवी प्रजाती मांडली. नाव मोताळ्यावरून घेतलं आणि त्याला लॅटिन शेपूट जोडलं. आकृती काढताना केसांच्या जागी दोन बारीक ठिपके दिसले होते. कचरा असेल म्हणून ते मी आकृतीत घेतले नाहीत.

लेख परदेशातल्या एका तज्ज्ञाकडे पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: उकळताना केस तुटतात, आणखी नमुने पाहून कळवा. मी चडफडत उन्हाळ्यात पुन्हा बांधावर गेलो.

झाडाचा मालक पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी भिंग लावून पानं बघायचो, त्यावरून त्यानं मला शेतीखात्याचा माणूस धरलं होतं. साहेब रोगट पान बघतो म्हणजे रोग हटवायचा, हा त्याचा हिशेब. गाठींची एकूणएक फांदी छाटून त्यानं जाळून टाकली होती.

"साफ केलं जी साहेब," तो म्हणाला. "एक गाठ नाही ठेवली."

मी त्याला नाही नाही ते बोललो. अडाणी म्हणालो. जगात फक्त इथं असलेला जीव तुम्ही जाळलात, म्हणालो. त्याची बायको शेजारीच विळा घेऊन उभी होती. खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी मला बरंही वाटत होतं. आता ते ठिपके पडताळायला नवे नमुने उरले नव्हते.

पावसाळ्यात त्याचं कार्ड आलं, मास्तरांकडून लिहून घेतलेलं. गाठी आल्या, या. छाटलेल्या करंजाला धुमारे फुटले होते. बुडाच्या कोंबांत कोळी तगले असावेत. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून त्यानं झाडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. मी पिशवीभर पानं आणली. या वेळी उकळलं नाही. कोळी आठवडाभर आम्लात नुसते ठेवले. पंचवीस बघितले. पंचविसांच्या पाठीवर दोन-दोन केस होते. करंजावरचा जुनाच कोळी, आधीच कुणी नाव दिलेला. पहिल्या चौघांचे केस मीच उकळून घालवले होते; ते ठिपके म्हणजे तुटलेल्या केसांच्या खुणा.

लेख मागे घेत असल्याचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मोताळ्याची एसटी पकडली. कुंपणापाशी उभं राहून त्याला सांगितलं, नवा जीव नव्हताच, चूक माझी होती.

त्यानं कलंडलेली एक काटेरी फांदी सरळ केली.

"म्हंजे त्या दिवशी तुमी मले उगाच बोलले," तो म्हणाला. "अन् तेबी घरवालीसमोर."