न भाजलेला वाफा

श्री. दामोदरपंत गुरुजी यंदा साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांचा सहायक म्हणून मी जव्हार संस्थानातल्या एका लहान शाळेत रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी माझे प्रशस्तिपत्र घडी न उलगडताच परत दिले आणि विचारले, "हातांना काय येतं तुमच्या?"

मी ऐटीत म्हणालो, "अक्षर वळणदार आहे."

"छान. आता हा बांबू तासा."

मी बोट कापून घेतले आणि मुले पोटभर हसली.

शाळा सुटल्यावर गुरुजींची खरी शाळा भरे. मुले टोपल्या विणत, काठीने अंगण मोजत, शाळेमागच्या वाफ्यात भात पेरत. मंजुळा नावाच्या मुलीला पाटीवरचा गुणाकार कधी जमला नाही. रोपांच्या जुड्या बांधताना मात्र ती तोंडी हिशेब सांगे आणि मलाच पाटी लागे. या तासाच्या ओढीनेच पाड्यांवरची मुले सकाळपासून शाळेत टिकत, हे मला पुढे कळले.

एका वर्षी गुरुजींचे चुकले. इकडे पेरणीआधी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. गुरुजी मूळचे देशावरचे. एवढ्या फांद्या तोडणे त्यांना उधळपट्टी वाटे. राब न भाजताच त्यांनी वाफ्यात बियाणे पेरायला लावले. मुलांनी ते घरून ओंजळ ओंजळ आणले होते. पावसात तण असे माजले की भाताचे रोप शोधावे लागे. घरचे बियाणे वाया गेले म्हणून पालक संतापले. शाळा सुटली की पोरे थेट घरी, असे पाड्यावर ठरले. वर्ग संपल्यातच जमा होता.

मी सुचवले, "गुरे शिरली असे सांगू या." गुरुजींनी माझ्याकडे जसे पाहिले, ते आठवले की आजही मान खाली जाते. त्याच संध्याकाळी चिखल तुडवत ते मला घेऊन पाड्यावर गेले. मंजुळेच्या आई सोमीबाई दारातच म्हणाल्या, "राब नाय भाजला, मंग तण नाय माजंल तं काय? आमचे पोरीला इचारला असता, तरी तिनी सांगितला असता."

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. "पुढच्या साली तुम्ही शिकवा. मी मुलांत बसेन."

वैशाखात सोमीबाई आल्या आणि गुरुजी खरोखरच मुलांत बसले. पाला फार जाड पसरला म्हणून त्यांनी सर्वांदेखत बोलणीही खाल्ली. त्या साली रोपे अशी तरारली की आवणीसाठी, म्हणजे शेतातल्या लावणीसाठी, प्रत्येक मुलाने घरी एक जुडी नेली. तास पुन्हा भरू लागला, तो आजतागायत भरतो आहे.

मी तापाने फणफणलो तेव्हा गुरुजींनी आठवडाभर स्वतःच्या हातांनी नागलीची पेज करून मला पाजली. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण पाड्यावरच्या त्या संध्याकाळचे उपकार त्याहून मोठे आहेत. मुलांसमोर "मला हे येत नाही" असे म्हणायला मी तिथे शिकलो, आणि त्यानंतरच मी शिक्षक झालो.

हा लेख लिहायला बसण्याआधी सोमीबाईंना विचारले, गुरुजींविषयी काय लिहू? हातातले सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लिव मास्तर, आमचा गुरजी लवकर शिकला."

गुरुजींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि शाळा सुटल्यावर मुलांच्या रांगेतली त्यांची जागा कधी रिकामी न राहो.